वंदनेने आरंभ, वंदनेने शेवट : गिचिन फुनाकोशी

ओकिनावा बेटावरची कराटेविद्या जपानच्या मुख्य भूमीवर रुजविणारे गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळाशिक्षक होते. शिष्यांसाठी त्यांनी वीस नियम लिहून ठेवले. त्यांतील पहिला नियम प्रहाराविषयी नाही, वंदनेविषयी आहे. कराटेचा आरंभ आदराने व्हावा आणि शेवटही आदरानेच, असे त्यांनी सांगितले. पहिला वार आपला नसावा, हा दुसरा नियम. निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते, ते या क्रमामुळे.

१० नोव्हेंबर १८६८ रोजी शुरी येथे त्यांचा जन्म झाला. बालपणी प्रकृती नाजूक होती आणि ते आजोळी वाढले. वैद्यकीचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती. परंतु त्यांचे घराणे डोक्यावरील परंपरागत केसांची गाठ सोडण्यास तयार नव्हते आणि तशा विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत नसे. पुढे १८८८ मध्ये ते शिक्षक झाले आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी अध्यापन केले. रात्री हाती कंदील घेऊन ते गुरू आंको असातो यांच्या घरी जात. एकच काता, म्हणजे हालचालींची ठरावीक मालिका, गुरू त्यांच्याकडून महिनोन्‌महिने करवून घेत.

एके रात्री पूर्वजांच्या पूजेसाठी खाद्यपदार्थ घेऊन जात असता दोघा लुटारूंनी त्यांना अडविले. दोघांनाही लोळविण्याचे बळ अंगी असताना त्यांनी तो खाऊ देऊन टाकला आणि ते पुढे चालू लागले. हे ऐकून असातो आणि दुसरे गुरू इतोसू, दोघांनीही समाधान व्यक्त केले.

१९२२ मध्ये प्रात्यक्षिकासाठी टोकियोला आलेले फुनाकोशी तेथेच राहिले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न होते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांना आसरा मिळाला. तेथे ते पहारा करीत, खोल्या झाडीत, बाग राखीत आणि मोकळ्या वेळी तेथील सभागृहात कराटे शिकवीत. एकदा ते अंगण झाडीत असताना एक पत्रकार आला आणि त्याने त्यांच्याकडेच फुनाकोशी गुरुजींची चौकशी केली. त्याला थांबावयास सांगून ते आत गेले, नीटनेटका पोशाख करून परतले आणि त्यांनी रीतसर अभिवादन केले. पाहुण्याच्या आश्चर्यास पारावार राहिला नाही. झाडू हाती घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि पाहुण्याचा मान राखण्यातही उणे पडू दिले नाही.

पूर्वी कराटे या शब्दाचा अर्थ चिनी हात असा होता. उच्चार तोच ठेवून रिकामा हात असा अर्थ देणारे अक्षर फुनाकोशी यांनी रूढ केले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो प्रज्ञापारमिताहृदयसूत्रातील शून्यतेचा. हात शस्त्रापासून रिकामा, तसेच मन अहंकारापासून रिकामे असावे, हा त्यामागील भाव.

१९४५ च्या बॉम्बवर्षावात शिष्यांनी बांधलेली त्यांची शोतोकान ही शाळा नष्ट झाली. युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत वाटेत एका लुटारूने त्यांच्यावर झडप घातली. वृद्ध फुनाकोशींनी त्यास सहज जेरीस आणले. पण आपण शिष्यांना जे करू नका म्हणतो तेच केले, याची त्यांना पुढे लाज वाटली.

आपल्या समाजास वाकण्याचा एक कटू इतिहास आहे. जोहार करणारा वाके आणि घेणारा ताठ बसे. तेव्हा आमच्या मुलांनी पुन्हा वाकावे कशाला, असे एखाद्या पालकाने विचारले तर तो प्रश्न आम्ही रास्तच मानू. त्याचे उत्तर कराटेशाळेच्या रीतीतच आहे. तेथे शिष्य वाकतो, तेव्हा गुरूही वाकतो. सरावापूर्वी दोन्ही प्रतिस्पर्धी एकमेकांस वंदन करतात, आणि सराव संपल्यावरही. ज्या वंदनेस वंदनेनेच उत्तर मिळते, तिच्यात कोणीही लहान होत नाही. जेथे असे उत्तर मिळत नाही, तेथे वाकू नये, हेही आम्ही मुलांना शिकविले पाहिजे.

२६ एप्रिल १९५७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी फुनाकोशी यांचे निधन झाले. कामाकुरा येथील एंगाकुजी या झेन बौद्ध विहारात त्यांचे शिलास्मारक आहे. पहिला वार आपला नसावा, हाच नियम त्यावर कोरलेला आहे. वसतिगृहाचे अंगण झाडणाऱ्या या शिक्षकास आमचे विनम्र वंदन.