ग्रे वॉल्टर आणि घरी परतणारं कासव

रोबोट व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा म्हटलं की दुकानदार आधी सक्शनचा आकडा सांगतो. किती हजार पास्कल, मॉप गोल फिरणारा आहे की नुसता ओढत जाणारा, ॲपमध्ये काय काय आहे. हे सगळं बघायचंच आहे. पण मला कुणी सल्ला विचारला तर माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : बॅटरी संपायच्या आत हा आपला आपण डॉकवर परत येतो का? तुम्ही ऑफिसात असताना तो सोफ्याखाली निपचित पडून राहणार असेल, तर संध्याकाळी झाडू तुमच्याच हातात येणार आहे.

हा प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी एका माणसाने सोडवून दाखवला होता. त्यांचं नाव विल्यम ग्रे वॉल्टर. ते घरगुती उपकरणं बनवत नव्हते, केर काढण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते मेंदूचे अभ्यासक होते.

वॉल्टर यांचा जन्म 1910 साली अमेरिकेत, कॅन्सस सिटीमध्ये झाला. लहानपणीच, 1915 मध्ये, घरचे इंग्लंडला आले आणि पुढचं आयुष्य तिथेच गेलं. वेस्टमिन्स्टर स्कूल, मग केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. केंब्रिजमध्ये संशोधनाची फेलोशिप मात्र मिळाली नाही. ते लंडनच्या रुग्णालयांमध्ये काम करू लागले. माणसाच्या मेंदूतली विद्युत हालचाल कवटीबाहेरून नोंदवता येते, हे जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये जाहीर केलं होतं. आज आपण त्याला ईईजी म्हणतो. वॉल्टर यांनी हे यंत्र सुधारलं आणि 1936 मध्ये त्याच्या मदतीने मेंदूतली गाठ नेमकी कुठे आहे ते शोधून दाखवलं. डेल्टा लहरींना ते नाव त्यांनीच दिलं. 1939 मध्ये ते ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि तीसेक वर्षं तिथेच राहिले.

ईईजीच्या रेघा बघत बसलेल्या माणसाला एक गोष्ट छळत असणार. मेंदूत अब्जावधी पेशी आहेत, त्या सगळ्या मोजून कधी काही कळणार? वॉल्टर यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. कमीत कमी किती भाग जोडले तर एखादी वस्तू जिवंत असल्यासारखी वागेल? त्यांचं उत्तर होतं दोन. दोन पेशी, म्हणजे जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत असायचे तसे दोन व्हॉल्व्ह.

1948-49 मध्ये त्यांनी एल्मर आणि एल्सी ही दोन यंत्रं तयार केली. तीन चाकं, दोन मोटारी (एक पुढे नेणारी, दुसरी वळवणारी), उजेड ओळखणारा एक फोटोसेल आणि वर एक कवच. दिसायला कासवासारखी, म्हणून सगळे त्यांना कासवंच म्हणायचे. सामान लष्कराच्या मोडीतलं, दातेरी चाकं जुन्या घड्याळांची आणि गॅस मीटरची. आपल्याकडे जुन्या बाजारातून मोटार आणून प्रोजेक्ट करणारी पोरं असतात ना, तसाच प्रकार, फक्त करणारा नावाजलेला शास्त्रज्ञ.

ही कासवं चालायची कशी, ते नीट समजून घ्या. तुमचा रोबो बिघडला की हेच उपयोगी पडेल.

फोटोसेल पुढच्या चाकाच्या दांड्यावर बसवलेला होता, त्यामुळे चाक जिकडे वळेल तिकडे तो बघायचा. उजेड दिसत नसला की चाक सतत वळत राहायचं आणि कासव गिरक्या घेत पुढे सरकायचं. मंद उजेड दिसला की वळणं थांबायचं आणि ते सरळ उजेडाकडे निघायचं. फार जवळ गेल्यावर उजेड डोळ्यावर यायचा, मग ते तोंड फिरवायचं. कवच कशाला धडकलं की त्याच्या आतला एक संपर्क जुळायचा आणि कासव उजेड विसरून ढकल-वळ, ढकल-वळ करत वाट काढायचं. नकाशा नाही, स्मरणशक्ती नाही.

तुमच्या रोबोच्या पुढच्या अंगाला जो अर्धगोल बंपर असतो, तो म्हणजे हेच कवच. रोबो मोकळ्या जागेतही मागे मागे सरकत असेल किंवा एकाच जागी गिरक्या घेत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी बंपर चारही बाजूंनी बोटाने दाबून बघा. तो परत पुढे येतोय का? फटीत तांदळाचा एखादा दाणा किंवा केसांचा गुंता अडकला, तर रोबोच्या दृष्टीने तो कायमच भिंतीला टेकलेला असतो.

कासवांची खरी गंमत बॅटरीत होती. खोलीच्या एका कोपऱ्यात खुराड्यासारखं छोटं घर होतं, त्यात झगझगीत दिवा आणि चार्जिंगची सोय. बॅटरी भरलेली असताना हा दिवा कासवाला सहन व्हायचा नाही, ते जवळ जाऊन माघारी फिरायचं. बॅटरी उतरत आली की सर्किटची संवेदनशीलता कमी व्हायची. मग तोच दिवा डोळ्यावर यायचा नाही आणि कासव थेट घरात शिरायचं. भूक लागली की घरी जा, असा वेगळा आदेश कुठेच लिहिलेला नव्हता. भूक हाच आदेश होता. मला विचाराल तर वॉल्टर यांच्या सगळ्या कामात ही एक कल्पना सर्वात देखणी आहे.

आजचा डॉक उजेडाऐवजी बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडतो आणि रोबो त्या रेषेवरून आत येतो. डॉक सापडत नसल्याच्या तक्रारींची कारणं म्हणूनच बरीचशी डॉकच्या आजूबाजूला असतात. गॅलरीच्या दारातून त्याच्यावर थेट ऊन पडतंय का? दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर आणि समोर मोकळी जागा आहे का, की शेजारी चपलांचा स्टँड आलाय? डॉक मागे सरकू नये म्हणून भिंतीला टेकवलाय का? चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने शेवटच्या कधी पुसल्या? हे सगळं ठीक असूनही रोबो वाटेतच मान टाकत असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. चार्ज दाखवते, पण भार आला की कोसळते. ती बदला, अख्खा रोबो बदलू नका.

वॉल्टर यांना कासवांच्या वाटा बघायला आवडायच्या. कासवाच्या पाठीवर मेणबत्ती लावायची, खोली अंधारी करायची आणि कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं. फोटोत वेड्यावाकड्या उजळ रेघा उमटायच्या. आज ॲपमध्ये रोबोचा मार्ग दिसतो, त्याचा हा पूर्वज.

कासवावर एक छोटा दिवाही होता. वळणारी मोटार चालू असताना तो पेटायचा, उजेड सापडला की विझायचा. कासव आरशासमोर आलं की त्याला स्वतःचाच दिवा दिसायचा, त्याने वळणं थांबायचं, म्हणून दिवा विझायचा, उजेड गेला म्हणून ते परत वळू लागायचं, की दिवा पुन्हा पेटायचा. आरशासमोर चक्क नाच. एखाद्या प्राण्याने हे केलं असतं तर आपण त्याला स्वतःची जाणीव आहे असं मानलं असतं, असं वॉल्टर यांनी सुचवलं. इथे काही शास्त्रज्ञ नाराज झाले. वॉल्टर तमाशा करतात, वर्तमानपत्रांना खूश करतात, असा सूर होता. तो अगदीच निराधार नव्हता, त्यांना प्रेक्षक आवडायचे, बीबीसीवरही ते दिसायचे. पण यंत्राला न शिकवलेलं वागणं यंत्रातून बाहेर पडतं, हे त्यांनी जमिनीवर चालवून दाखवलं, नुसतं कागदावर मांडलं नाही.

आरशाचा त्रास अजून संपलेला नाही. आमच्या बेडरूमच्या कपाटाला खालपर्यंत आरसा आहे. लेझरवाल्या रोबोने काढलेल्या नकाशात त्या कपाटापलीकडे अख्खी एक खोली आली, जिथे खरं तर शेजाऱ्यांची भिंत आहे. लेझर आरशावरून परततो आणि रोबोला पलीकडे जागा दिसते. ॲपमध्ये तिथे आडवी रेघ मारून प्रवेशबंदी केली की भागतं. काळ्या फरशीचं दुखणं याच जातीचं. पायरीवरून पडू नये म्हणून रोबो खाली किरण सोडून ते परत येतात का ते बघतो. काळा कडप्पा किंवा ग्रॅनाइट ते किरण गिळून टाकतो आणि रोबोला समोर दरी दिसते. घरात काळ्या फरशीचे पट्टे असतील तर घेण्याआधी दुकानातच काळ्या पृष्ठभागावर चालवून मागा. उंबरठेही मोजून जा, साधारण 2 सेंटिमीटरच्या वर बहुतेक रोबो चढत नाहीत. आणि सोफ्याखालची उंची मोजा, कारण डोक्यावर लेझरची टोपी असलेला रोबो साधारण 10 सेंटिमीटर उंच असतो. लहान, मोकळ्या घराला नकाशा न काढणारा स्वस्त रोबोही पुरतो, फक्त वेळ जास्त घेतो. तीन-चार खोल्या असतील तर लेझर घ्याच.

1951 मध्ये लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये नवी, जास्त मजबूत कासवं लोकांसमोर फिरली. ती बनी वॉरेन या तंत्रज्ञाने बांधली होती. 1953 मध्ये वॉल्टर यांचं मेंदूवरचं द लिव्हिंग ब्रेन हे पुस्तक आलं. मग ते ईईजीकडे परतले आणि 1964 मध्ये एखादी गोष्ट घडण्याची वाट बघत असताना मेंदूत उमटणारी एक लहर त्यांनी सहकाऱ्यांसह नोंदवली. 1970 मध्ये स्कूटरच्या अपघातात त्यांच्याच डोक्याला जबर मार बसला. आयुष्यभर दुसऱ्यांचे मेंदू तपासणाऱ्या माणसाचं काम तिथे जवळपास थांबलं. 1977 च्या मे महिन्यात, वयाच्या 67 व्या वर्षी ते गेले.

त्यांचं ते पुस्तक ऑस्ट्रेलियात ॲडिलेडमधल्या रॉडनी ब्रूक्स नावाच्या मुलाने वाचलं होतं आणि ट्रान्झिस्टर वापरून स्वतःचं एक कासव बनवलं होतं. पुढे हाच मुलगा एमआयटीमध्ये प्राध्यापक झाला. यंत्राला आधी जगाचा पूर्ण नकाशा कशाला हवा, असं म्हणत त्याने कीटकांसारखे रोबो चालवले आणि 1990 मध्ये कॉलिन अँगल व हेलन ग्रायनर यांच्यासह आयरोबोट कंपनी काढली. 2002 मध्ये तिचा रूम्बा बाजारात आला : नकाशा नाही, धडकायचं, वळायचं, पुढे जायचं. त्या पहिल्या रूम्बाला डॉक नव्हता, चार्जिंगची पिन हाताने लावावी लागायची. आपलं आपण घरी जायला तो 2004 च्या मॉडेलमध्ये शिकला.