बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजून इरावती कर्वेंनी गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा दावा खोडून काढला होता

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला ‘युगान्त’ आठवतं. फार तर पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवणाऱ्या बाई आठवतात. पण पंचविशी गाठण्याच्या सुमारास याच बाईंनी बर्लिनमध्ये एका बड्या जर्मन शास्त्रज्ञाचा सिद्धांत खोडून काढला होता. तेही त्याच्याच हाताखाली पीएचडी करत असताना.

पुढे ज्या विचाराच्या नावाखाली हिटलरच्या जर्मनीने लाखो माणसं मारली, त्याच विचाराच्या कुळातला हा सिद्धांत होता.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यानचा. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत धाडलं. रँग्लर परांजप्यांच्या घरी ती वाढली, फर्ग्युसनमध्ये शिकली आणि मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये एम.ए. झाली.

तोवर दिनकर कर्व्यांशी लग्न झालं होतं. म्हणजे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णांचा सुनेनं जर्मनीला जायला मात्र विरोध होता. स्वतः जर्मनीत शिकून आलेले दिनकरराव ठाम राहिले. जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

तिथे दाह्लेम भागात वर्षभरापूर्वीच कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि वंशसुधार यांचं केंद्र सुरू झालं होतं. संचालक होता ऑयगेन फिशर.

हा फिशर कोण? तर १९०८ मध्ये तो आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीत गेला होता. आफ्रिकन आणि युरोपीय वंशाच्या मिश्र संततीचा त्याने अभ्यास केला आणि अशा संबंधांच्या विरोधात मत मांडलं. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता.

इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशरचा कयास असा की हा फरक गोऱ्या युरोपीय लोकांत जास्त असणार आणि त्यांची तर्कबुद्धी सरस असण्याशी त्याचा संबंध असणार.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधून आणलेल्या कवट्याही त्यात होत्या. आकडे मांडले, तर वंशाचा आणि या फरकाचा काही संबंधच दिसेना. परदेशातली विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज आणि पदवी फिशरच्या हातात. तरी त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं. डॉक्टरेट मिळाली, पण गुण मिळाले अगदी कमी.

१९३१ मध्ये त्या मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार झाल्या. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या.

तिकडे १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. १९३५ मध्ये न्युरेंबर्ग कायदे आले. खरा जर्मन कोण, हे आता आजी-आजोबांवरून ठरू लागलं. १९३७ मध्ये कृष्णवर्णीय वडील असलेल्या शेकडो जर्मन मुलांची सक्तीने नसबंदी झाली. या कामाला फिशरचा हातभार होता. तो निवृत्त झाल्यावर याच संस्थेत योसेफ मेंगेले आउश्विट्झच्या छळछावणीतून मृतांचे अवयव पाठवत होता.

युद्धानंतर फिशरवर खटला चालला नाही. तो १९६७ मध्ये वारला. त्याच वर्षी मराठीत ‘युगान्त’ प्रसिद्ध झालं.

आता दुसरी बाजू. भारतात आल्यावर इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही. महाराष्ट्रातल्या जाती-जमातींची शरीरमापं त्या घेत राहिल्या, आणि वंशशास्त्राचं हत्यार त्यांनीही सोडलं नाही, अशी टीका आज होते. त्या टीकेत तथ्य आहे.

पण त्या मापांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. महाराष्ट्रातल्या सगळ्या ब्राह्मण जाती एकाच मुळातून फुटलेल्या नाहीत. कुंभारांचंही तसंच. जात म्हणजे आपापसात सोयरीक करणारा मोठा गोतावळा, असं त्यांनी मांडलं.

जव्हार-मोखाड्यातल्या सूर्यमाळच्या परिसरात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे समाज एकाच डोंगरावर नांदतात. त्यांच्यातला फरक समजून घ्यायचा तर बोली, देव आणि सोयरीक बघावी लागते. कवटी मोजून ते कळत नाही.

आयुष्याच्या शेवटी त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या.

फिशरच्या संस्थेची इमारत आज बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. २०१४ मध्ये तिच्या जवळ खोदकामात माणसांची हाडं सापडली. पुढच्या उत्खननात सुमारे १६ हजार तुकडे निघाले. ते किमान ५४ जणांचे होते. ही माणसं कोणत्या वंशाची, हे शोधायला आणखी चाचण्या करता आल्या असत्या. पण ज्यांच्या पूर्वजांची हाडं त्यात असू शकतात, अशा समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून विद्यापीठाने त्या टाळल्या. कारण तसं करणं म्हणजे पुन्हा फिशरचंच काम करणं. मार्च २०२३ मध्ये त्या हाडांचं एकत्र दफन झालं.

जर्मनीने नामिबियातल्या संहाराला नरसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये. परदेशी आई-बापांच्या पोटी जर्मनीत जन्मलेल्या मुलांना, अटी घालून का होईना, जन्मानेच नागरिकत्व देणारा कायदा लागू झाला तो २००० मध्ये. तोवर १९१३ च्या कायद्याचा पाया रक्ताच्या नात्याचाच होता.

माणसाची लायकी त्याच्या वंशावरून ठरत नाही, हे त्या देशाला फार मोठी किंमत मोजून कळलं. त्याचा पुरावा मात्र एका मराठी विद्यार्थिनीने १९३० च्या सुमारासच बर्लिनमध्ये लिहून ठेवला होता.