शाळेकरिता दारोदार फिरलेले धोंडोपंत कर्वे

गावच्या शाळेकरिता वर्गणी मागावयास निघणे हे काम दिसते तितके सोपे नाही, हे ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या बाजूच्या आमच्या उपदेशक बंधूंस ठाऊक आहे. शाळा जिल्हा परिषदेची किंवा महानगरपालिकेची. मग तिच्या बाकांकरिता व पुस्तकांकरिता आपण का हात पसरावा, असे पुष्कळजण विचारतात. आम्हीही एकदा वर्गणीची वही घेऊन चार दारे फिरलो, आणि पाचव्या दारी कठोर शब्द ऐकून परत वळलो, हे येथे कबूल करितो. त्या रात्री ज्या पुरुषाचे चरित्र आठवून आम्हांस लाज वाटली, ते आपल्याच कोकणपट्टीतले महर्षी धोंडो केशव कर्वे होत. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि आमच्या मंडळ्यांनी त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. त्यांचे गाव दापोलीजवळील मुरूड. घरची स्थिती गरिबीची. तेथे सोमण गुरुजी म्हणून एक शिक्षक होते. मुलांनी केवळ परीक्षेपुरते न शिकता गावाच्या उपयोगी पडावे, अशी त्यांची शिकवण असे. धोंडोपंतांच्या मनात सार्वजनिक कामाचे बीज पडले ते तेथेच. 1875 साली, सतरा वर्षांचे असताना, ते परीक्षेकरिता सोबत्यांसह डोंगर ओलांडून पायी साताऱ्यास गेले; आणि मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यांस बसू दिले नाही! इतकी पायपीट फुकट गेली, तरी पुढे त्यांनी ती परीक्षा कोल्हापुरास दिली. नंतर मुंबईस येऊन ते काही काळ मिशनच्या विल्सन कॉलेजात होते, व 1884 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

मुंबईत शिकवण्या करून पोट भरणाऱ्या ह्या तरुणास आपले गाव विसरता येईना. मुरूडचे अनेक लोक मुंबईत नोकरीचाकरीस होते. त्या सर्वांनी आपापल्या मिळकतीतून थोडे थोडे गावाकरिता बाजूस काढावे, अशी योजना करून 1886 च्या सुमारास त्यांनी मुरूड फंड उभा केला. त्या पैशांतून गावात इंग्रजी शाळा निघाली. कोणी धनिक पुढे आला नव्हता. कारकून व मास्तर ह्यांच्या पगारातून पडलेली ती वर्गणी होती. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको.

1891 साली त्यांची पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुनः लग्न करणे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी त्यांनी 11 मार्च 1893 रोजी विवाह केला. तीच पुढे बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाली. ह्या विवाहामुळे मुरूडकर खवळले. गावाने त्यांस वाळीत टाकिले. त्यांच्याबरोबर कोणी बैठकीस बसू नये असे ठरले, आणि त्यांस घरात घेतले तर आई व भाऊ ह्यांवरही बहिष्काराचे संकट आले. ज्या गावाच्या शाळेकरिता त्यांनी पै-पै गोळा केली, त्याच गावात त्यांस उंबरठ्याबाहेर राहण्याची पाळी आली! आपल्या मंडळ्यांतील ज्या वडील माणसांनी प्रभूच्या नावाकरिता पाण्याची विहीर व भावकीचे जेवण गमाविले, त्यांस ह्या दुःखाचा अर्थ समजेल.

परंतु कर्व्यांनी लोकांच्या दारी जाणे सोडिले नाही, हा आम्हांस विशेष वाटतो. विधवांकरिता त्यांनी 1896 साली आश्रम काढिला, आणि पुढे तो पुण्याबाहेर हिंगणे येथे नेला. दिवसा कॉलेजात शिकवावे, संध्याकाळी चिखल तुडवीत आश्रमास जावे, आणि सुटी मिळाली की गावोगाव वर्गणी मागत फिरावे, असा त्यांचा क्रम होता. ज्यांस त्यांची मते पसंत नव्हती त्यांच्याकडेही ते जात. कोणी अपमान केला तर वाद न घालता पुढच्या घरी जात. बायाही पदर पसरून मागत असे. ह्या जोडप्याच्या प्रामाणिकपणाविषयी निंदकांसही शंका नव्हती, आणि आमच्या मते लोकांच्या थैल्या उघडल्या त्या ह्यामुळेच. ज्या मंडळीत वर्गणीचा हिशेब वर्षभर कपाटात पडून राहतो, तेथे दुसऱ्या वर्षी वही कोरी राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

1916 साली त्यांनी स्त्रियांकरिता विद्यापीठ काढिले, आणि 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी त्यास 15 लक्ष रुपये देऊ केले. एवढे घडल्यावर दुसरा कोणी विश्रांती घेता. कर्वे मात्र 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पुनः वर्गणीची वही घेऊन निघाले! ज्या लहान खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे शाळा काढण्याकरिता त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. स्वतःच्या मासिक 70 रुपयांच्या पेन्शनमधून 15 रुपये त्यांनी प्रथम ह्या कामास लाविले, आणि मग दुसऱ्यांच्या दारी गेले. लाखोंची देणगी मिळविलेला हा वृद्ध मनुष्य पुण्याच्या रस्त्यांतून घरोघर लहान लहान रकमा मागत फिरे. अशा पैशांतून सुमारे 40 खेड्यांत शाळा निघाल्या. त्या शाळांचा थाट काही नव्हता. एक मास्तर, एक खोली, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी अक्षर पाहिले नव्हते अशी मुले.

सरकारने त्यांस 1958 साली, जन्मास शंभर वर्षे पुरी होताना, भारतरत्न ही पदवी दिली. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, 104 वर्षांचे असता, ते पुण्यास वारले.

आमची ती वही अजून आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर आम्ही पाचव्या दारापासून पुनः आरंभ करणार आहो. ज्यांस सोबत यावयाचे असेल त्यांनी यावे.