सहा शिलिंगांचे जेवण

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात सॅम्युएल पीप्स हे नाव आपल्याला एखाद्या ओळीत भेटते. सतराव्या शतकातील रोजनिशीकार, लंडनच्या मोठ्या आगीचे वर्णन करणारा. परीक्षेला तेवढे पुरते. पण त्याची रोजनिशी प्रत्यक्ष उघडून पाहावी, तर तिच्यात आगीपेक्षा चूलच अधिक वेळा पेटलेली दिसते! आज काय जेवलो, कोणाबरोबर जेवलो, किती पैसे पडले, हे हा गृहस्थ साडेनऊ वर्षे लिहीत होता. आणि या जेवणांत पुष्कळदा त्याच्यासमोर बसलेली असे त्याची पत्नी एलिझाबेथ. पीप्सवर लिहिणारे त्याच्या आरमारी कर्तृत्वावर पानेच्या पाने लिहितात. मला मात्र या दोघांच्या ताटांविषयी लिहावेसे वाटते.

पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शिंपी. आई लग्नापूर्वी लोकांचे कपडे धुण्याचे काम करीत असे, आणि मामा खाटीक होता. अकरा भावंडांतले हे पाचवे मूल. अशा घरातला मुलगा सेंट पॉल्स शाळेत गेला, तेथून शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १६५४ साली बी. ए. झाला. शिंप्याच्या घरातून कॉलेजात जाणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना समजावून सांगावे लागत नाही. पदवी मिळाली तरी नोकरीसाठी ओळख लागतेच. त्याचीही एक मोठी ओळख होती. एडवर्ड माँटेग्यू हा दूरचा नातेवाईक राजकारणात वर चढत होता. त्याच्या पदरी पीप्स कारकुनासारखी पडेल ती कामे करू लागला.

अशा बेताच्या स्थितीत, १६५५ साली, त्याने लग्न केले. एलिझाबेथ नुकतीच पंधराची झाली होती आणि तो बावीस वर्षांचा. तिचे वडील परागंदा झालेले फ्रेंच गृहस्थ होते. धर्म बदलल्यामुळे घरदार गमावलेले, आणि गाठीला काही नसलेले. मुलीबरोबर हुंडा आला नाही, आली ती फ्रेंच भाषा. पीप्सने निव्वळ प्रेमापोटी हे लग्न केले, हे त्याच्या हिशेबी स्वभावाकडे पाहता आश्चर्यच म्हणावे लागेल. माँटेग्यूच्या वाड्यातील एका लहानशा खोलीत त्यांचा संसार सुरू झाला. एलिझाबेथ स्वतः कोळशाची शेगडी पेटवी, नवऱ्याचे मळलेले कपडे स्वतःच्या हातांनी धुई. पुढे पैसा आल्यावर पीप्सला हे दिवस आठवत आणि तिच्यावर आपण कायम माया केली पाहिजे असे तो स्वतःला बजावी. बजावणे वेगळे आणि वागणे वेगळे, हे पुढे येईलच.

२६ मार्च १६५८ रोजी त्याच्या मूत्राशयातील खडा शस्त्रक्रियेने काढला. भुलीचे औषध नव्हते, जंतूंची कल्पनाही नव्हती. या शस्त्रक्रियेत माणसे दगावत. हा वाचला. चेंडूएवढा तो खडा त्याने जपून ठेवला आणि पुढे त्याच्यासाठी पंचवीस शिलिंग खर्चून एक पेटी करून घेतली! दर वर्षी या दिवसाची आठवण म्हणून मेजवानी द्यायची असे त्याने ठरवले. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाने देवळात जाण्याऐवजी पंगत वाढावी, यातच त्याचा पिंड दिसतो.

रोजनिशी सुरू होते ती १ जानेवारी १६६० रोजी. पहिल्याच दिवसाच्या नोंदीत जेवण आहे. माळ्यावरच्या खोलीत दोघे जेवली. आदल्या टर्की कोंबड्याचे उरलेले मांस एलिझाबेथने शिजवले आणि ते करताना तिचा हात भाजला. इतकेच. पण एका जगप्रसिद्ध पुस्तकाच्या पहिल्या पानावर एका बाईचा भाजलेला हात आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

त्याच वर्षी माँटेग्यूच्या जहाजातून राजा दुसरा चार्ल्स परत आला आणि पीप्सचे नशीब उघडले. आरमाराच्या कचेरीत त्याला वर्षाला ३५० पौंडांची जागा आणि राहायला घर मिळाले. (याच राजाला पोर्तुगीज राजकन्येबरोबर आपली मुंबई आंदण मिळाली. पीप्सच्या मते ते एक दरिद्री, लहानसे बेट होते.) नव्या घरात भट्टी होती. एलिझाबेथने तीत प्रथमच पाय आणि टार्ट भाजले. भट्टीचा अंदाज न आल्याने ती फार तापली आणि पदार्थ जरा करपले. पीप्स रागावला नाही. पुढच्या वेळी तिला जमेल, असे त्याने समजूतदारपणे लिहून ठेवले. स्वतःच्या बाबतीत तर तो याहून वेंधळा होता. एकदा हौसेने दोन शेवंडे विकत घेतली आणि भाड्याच्या गाडीतच विसरून आला.

आता १६६३ सालच्या जानेवारीतील दोन दिवस पाहू. ९ जानेवारीला एलिझाबेथने नवऱ्याला एक कागद वाचून दाखवला. आपण दिवसभर घरात एकट्या असतो, बोलायला कोणी नाही, आयुष्य किती उदास चालले आहे, असे तिने त्यात लिहिले होते. असेच एक पत्र तिने आधीही दिले होते आणि ते त्याने न वाचताच जाळले होते. या वेळी त्याने ऐकले आणि त्याला भीती वाटली ती भलतीच. हे इंग्रजीत लिहिले आहे, कोणाच्या हाती पडले तर आपली अब्रू जाईल! त्याने तो कागद तिच्यासमोर फाडला. तिने जपून ठेवलेली त्याची स्वतःची प्रेमपत्रेही फाडली. ती रडत होती, आणि त्यालाही आतून वाईट वाटत होते, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. स्वतः रोज रात्री गुप्त लघुलिपीत मनातले सगळे लिहिणाऱ्या माणसाने बायकोचे एक पान राहू दिले नाही.

आणि चारच दिवसांनी, १३ जानेवारीला, पीप्सच्या घरी पाहुण्यांना मेजवानी होती. एलिझाबेथ पहाटे पाचला, अंधारातच उठून बाजारात गेली आणि कोंबड्या व इतर जिन्नस घेऊन आली. सहाच्या आत गोमांसाचा मोठा तुकडा विस्तवावर चढला होता. आधी कालवे, मग सशाचे मांस, कोकरू आणि ते गोमांस. पुढच्या फेरीत भाजलेले पक्षी, टार्ट, फळे आणि चीज. खर्च सुमारे पाच पौंड. पीप्स खूश झाला. पाहुणेही झाले असतील. पहाटे पाचला लंडनच्या थंडीत बाजारात उभ्या असलेल्या त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या मनात काय होते, ते लिहिलेला कागद उरला नसता, आणि नाहीच.

आमच्या घरात आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. वडिलांनी तिला कधी हॉटेलात नेलेले मला आठवत नाही, आणि तिने कधी तसे म्हटलेलेही ऐकले नाही. म्हणून असेल, पण पीप्स कितीही वाईट वागला तरी तो बायकोला समोर बसवून जेवत होता, तिला गाडीत घालून बाहेर खायला नेत होता, या गोष्टीपाशी मी थोडी थांबते. त्याचे गुण-दोष मोजताना मला तिचे वजन वाटते. दोषांचे पारडे मात्र हलके नाही. १६६४ च्या डिसेंबरात घरच्या नोकरांवरून झालेल्या भांडणात त्याने तिला अशी मारली की डोळा काळानिळा झाला. नाताळच्या दिवशी तो चर्चला एकटाच गेला.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळाले. घरातील सोने-नाणे हलवून झाल्यावर पीप्सने बागेत खड्डा खणून त्यात दारू आणि इटलीचे पार्मेझान चीज पुरले. पुष्कळ लेखक याला हसतात. पण त्या रात्रीचे जेवण मला अधिक लक्षात राहिले. पीप्स, एलिझाबेथ आणि शेजारचे एक जोडपे कचेरीतच बसले, खानसाम्याकडून आणलेला मेंढीचा खांदा हातपुसणीवाचून, कसाबसा खाल्ला. बाहेर शहर जळत होते आणि तरीही ती चौघे हसत होती.

आणि आता ते सहा शिलिंगांचे जेवण.

१६६७ च्या मे महिन्याची ११ तारीख. एलिझाबेथने त्या दिवशी भुऱ्या केसांचे गंगावन लावले होते. तशी फॅशन होती. पीप्सला ते मुळीच आवडत नसे. तो वाटेत तिच्याशी बोलला नाही आणि नंतर मूठ आवळून वाटेल ते बोलला. दुसऱ्या दिवशी रविवार. तो हिशेब करीत बसला असता ती खाली आली आणि शांतपणे तडजोड मांडली : पोशाखाला लेस लावायला पैसे द्या, मी गंगावन लावणार नाही. याला तेवढ्याने समाधान नव्हते. मग ती चिडली, रडली आणि नेप नावाच्या नटीकडे त्याचे जे जाणे-येणे होते तेच बाहेर काढले. पीप्स गप्प बसला. अखेर त्याने पैसे दिले, तिने शब्द दिला, भांडण मिटले.

दुपारी दोघे गाडी करून एका बड्या अधिकाऱ्याच्या भेटीला निघाली. तेथे पोहोचतात तो ती मंडळी जेवायला बसलेली! आत जाणे प्रशस्त दिसेना. परत फिरताना वाटेत दोघांनाच सुचले की आज आपण दोघेच एखाद्या फ्रेंच खाणावळीत जेवू. त्या काळी रेस्टॉरंट हा शब्द या अर्थाने फ्रान्समध्येसुद्धा नव्हता. ठरलेल्या दरात ठरलेले जेवण देणाऱ्या जागा असत. पीप्सचे टोप तयार करणारा रॉबिन्स नावाचा फ्रेंच कारागीर अशी खाणावळ चालवी. कॉव्हेंट गार्डनमधल्या एका गलिच्छ गल्लीत त्याचे घर शोधून काढले, तर तो दारातच उभा. आत जाऊन बसतात न बसतात तोच मेजावर कापड आले, स्वच्छ पेले आले. प्रथम सूप, मग मंद आचेवर शिजवलेली कबुतरांची जोडी, मग मसाला मुरवून शिजवलेले गोमांस. सगळे फ्रेंच पद्धतीचे आणि चव उत्तम साधलेली. वाढणाऱ्यांची तत्परता आणि आर्जव पाहून पीप्स भारावून गेला. असली घाणेरडी गल्ली आणि टोपवाल्याचे घर नसते तर आणखी मजा आली असती, हेही लिहायला तो विसरला नाही. बिल झाले सहा शिलिंग. घरी काम करणाऱ्या मुलीला तेव्हा वर्षाला तीन पौंडांच्या आसपास मिळत, म्हणजे हा तिच्या महिन्याच्या पगाराहून जास्त पैसा झाला.

एलिझाबेथला ते जेवण कसे लागले असेल? दोघांनाही फार आवडले, एवढे तो सांगतो. पण ती चव तिच्या वडिलांच्या देशाची होती. टेबलावरच्या पदार्थांची नावे त्या दिवशी तिला त्याच्यापेक्षा चांगली उच्चारता आली असतील.

जेवून ती दोघे गाडीने शहराबाहेर गेली. हवा छान होती. खाली उतरून शेतांतून किंग्जलंडपर्यंत चालत गेली. लहानपणी पीप्स तेथे राहायला होता आणि त्याच शेतांत धनुष्यबाणांनी खेळला होता. वीसेक वर्षांनी तो त्या वाटेने चालत होता, आणि आपल्या माणसांपैकी कोणाला तरी वाटले असते का की हा पोरगा एक दिवस असा सुस्थितीत येथे फिरेल, हा विचार त्याच्या मनात आला. शिंप्याच्या मुलाला हे सुख पोटभर जेवल्यावर आणि बायको शेजारी असताना सुचले.

त्या उन्हाळ्यात दोघांचे बरे चालले होते. एक दिवस तो घरी आला तर ती सर्दीवर औषध म्हणून चहा करीत बसलेली. तेव्हा चहा ही इंग्लंडात अपूर्वाईची वस्तू होती. १४ जुलैला बरोबर थंड कोंबडी, दारूच्या बाटल्या घेऊन मंडळी एप्समला सहलीला गेली. निघताना तिने आवरायला वेळ लावला म्हणून हा आधी रागावला होता, हे सांगायलाच नको! परतताना वाटेत एक गरीब बाई दुधाची बादली घेऊन चालली होती. तिला थांबवून पीप्सच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पेल्यातून सगळ्यांनी पोटभर दूध प्याले. सायीहून गोड लागले ते. रात्री गाडीतून येताना काजवे दिसले.

पुढच्या वर्षीचे मी थोडक्यात सांगते. एलिझाबेथ गावी गेलेली असताना पीप्स त्याच नेपबरोबर शेवंड खात आणि गाणी म्हणत बसला. २५ ऑक्टोबर १६६८ रोजी, रात्रीच्या जेवणानंतर, घरच्या सोबतिणीला मिठीत घेतलेला नवरा एलिझाबेथच्या दृष्टीस पडला. मग आठवडेच्या आठवडे झोपेवाचून गेले. एका रात्री ती तापून लाल झालेला चिमटा घेऊन त्याच्या पलंगापाशी आली. तिचे कागद फाडता आले होते. आता तिचे म्हणणे ऐकावे लागले.

डोळे जातील या भीतीने पीप्सने ३१ मे १६६९ रोजी रोजनिशी बंद केली. त्यानंतर तो तिला घेऊन हॉलंड आणि फ्रान्सच्या प्रवासाला गेला. पॅरिस तिने लहानपणी पाहिले होते. आता ती तेथे नवऱ्याबरोबर गाडीतून हिंडली. मेजावर काय आले, बिल किती झाले, यातले काहीच लिहिलेले नाही, कारण वही बंद होती. परतताना तिला ताप भरला आणि १० नोव्हेंबर १६६९ रोजी ती लंडनमध्ये वारली. वय एकोणतीस.

पीप्स आणखी तेहतीस वर्षे जगला. आरमाराचा सचिव झाला, पार्लमेंटात गेला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. न्यूटनच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव आहे. दुसरे लग्न त्याने केले नाही. सेंट ओलेव्ह चर्चमध्ये त्याने एलिझाबेथचा संगमरवरी अर्धपुतळा बसवला, तो आरमार कचेरीच्या बाकाकडे, म्हणजे जेथे तो स्वतः बसे त्या जागेकडे तोंड करून. पुतळ्यात तिचे ओठ किंचित विलग आहेत, बोलता बोलता थांबल्यासारखे. १७०३ साली त्यालाही तेथेच तिच्याजवळ पुरले.