रांगेतली सगळ्यात छोटी

समजा, तुमची भाची पाच वर्षांची होतेय आणि तिच्यासाठी काहीतरी घ्यायला तुम्ही पुस्तकांच्या दुकानात उभे आहात. हातात एक मोठ्ठं चित्रांचं पुस्तक आहे. पॅरिसमधली एक बोर्डिंग शाळा, बारा मुली, दोन सरळ रांगा, डोक्यावर सारख्या टोप्या. छानच की! मग दोनचार पानं उलटता आणि दिसतं, की त्यातली सगळ्यात छोटी पोरगी पुलाच्या कठड्यावर चढून तोल सांभाळत चाललीय. खाली नदी. आणि तिच्या बाईंचा जीव टांगणीला.

घ्याल हे पुस्तक? की ताई ओरडेल म्हणून गुपचूप जागेवर ठेवून द्याल? आधीच घरात सोफ्यावरून उड्या चालू असतात, त्यात ही नवी गुरू कशाला आणलीस, असं ताई म्हणणारच. आणि खरं सांगायचं तर ताईचं अगदीच चूक नाही.

ही पोरगी म्हणजे मॅडलाइन. १९३९ साली ती पहिल्यांदा पुस्तकात आली आणि अजून मुलं तिच्या मागे मागे फिरताहेत. अशी व्रात्य नायिका लहानांच्या हातात द्यावी का, या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर आधी तिला जन्माला घालणाऱ्या माणसाची गोष्ट ऐका. लुडविग बेमेलमन्स त्याचं नाव. रांगेत न मावणाऱ्या मुलाचं काय होतं, हे त्याने स्वतः भोगलं होतं.

कोणी न्यायला आलंच नाही

लुडविगचा जन्म २७ एप्रिल १८९८ चा. गाव मेरान. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज इटलीत आहे. वडील बेल्जियन चित्रकार, आई जर्मन. ऑस्ट्रियातल्या ग्मुंडेन गावात, एका सुंदर तळ्याकाठी वडिलांचं हॉटेल होतं. तिथे हा वाढला. त्याची पहिली भाषा फ्रेंच, जर्मन नंतरची. थोडक्यात, लाडाकोडाचं बालपण.

ते सहाव्या वर्षी संपलं. वडील दुसऱ्याच एका बाईबरोबर घर सोडून निघून गेले. आई तेव्हा गरोदर होती. ती लुडविगला घेऊन जर्मनीत, रेगेन्सबुर्गला, आपल्या माहेरच्या गावी आली. नवा देश, नवी भाषा आणि कडक शिस्तीची जर्मन शाळा. लुडविगचं तिथे जमेना. मग त्याला रोटेनबुर्गच्या एका बोर्डिंगमध्ये टाकलं. त्या जुन्या गावाच्या रस्त्यांवरून मुलांना दोन सरळ रांगांत फिरायला नेत. लुडविग सगळ्यात लहान चणीचा, म्हणून सगळ्यात पुढे. हात धरायला शेजारी कोणी मोठं माणूस नाही. ही रांग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथेही निभाव लागला नाही, तेव्हा घरच्यांनी त्याला काकांच्या हॉटेलात कामाला लावलं. त्यानंतर काय झालं, याच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही त्यानेच सांगितलेल्या. एक गोष्ट अशी, की तिथला मुख्य वेटर त्याला चाबकाने मारायचा. पुन्हा मारलंस तर गोळी घालीन, अशी धमकी याने दिली, वेटरने ती हसण्यावारी नेली आणि याने खरंच गोळी झाडली. मग सुधारगृह किंवा अमेरिका, एवढे दोनच रस्ते उरले. दुसरी गोष्ट साधी आहे. वडील तोपर्यंत अमेरिकेत जाऊन राहिले होते आणि त्यांनीच बोलावलं म्हणून हा गेला. बेमेलमन्सला गोष्टी रंगवून सांगायची भारी हौस, त्यामुळे गोळीबाराची कथा थोडी बेतानेच घ्यायला हवी.

पण पुढचा भाग रंगवायची गरजच नाही. डिसेंबर १९१४ मध्ये सोळा वर्षांचा लुडविग बोटीने न्यूयॉर्कला पोचला. वडील न्यायला येणार होते. ते विसरले. बाहेरून येणाऱ्यांना जिथे थांबवून ठेवायचे, त्या एलिस आयलंडवर या मुलाने आख्खा ख्रिसमस एकट्याने काढला.

तुमच्यापैकी अनेक जण सोळा-सतराव्या वर्षी गाव सोडून शिकायला शहरात आलेत. स्टँडवर उतरल्यावर कोणी घ्यायला येणार होतं आणि आलंच नाही, असं कधी झालंय? त्याला समुद्र जोडा, परकी भाषा जोडा आणि न आलेला माणूस म्हणजे सख्खा बाप आहे हे जोडा.

मेन्यूच्या पाठीवरची पोरगी

मग हॉटेलांतली कामं सुरू झाली. टेबलं पुसायची, ताटं उचलायची, पुढे वेटर व्हायचं. १९१७ मध्ये तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, पण मूळ जर्मनीकडचं असल्यामुळे त्याला युरोपातल्या आघाडीवर पाठवलं नाही. १९१८ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. युद्ध संपल्यावर पुन्हा हॉटेल. चित्रकार व्हायचं डोक्यात पक्कं होतं, पण चित्रांवर पोट भरेना. १९२६ मध्ये एका वृत्तपत्रात त्याची चित्रमालिका सुरू झाली, ती सहा महिन्यांत बंद पडली.

तिशी उलटून गेली तरी हातात काही नाही. अशात तीसच्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या पुस्तकांच्या नामवंत संपादक मे मॅसी त्याच्या घरी जेवायला आल्या. खोलीच्या खिडक्यांवर त्याने आपल्या लहानपणीचे डोंगर रंगवून ठेवले होते. घरची आठवण आली की बघायला! मॅसीबाईंनी ते पाहिलं आणि मुलांसाठी पुस्तक करायला सुचवलं. १९३४ मध्ये ‘हान्सी’ हे त्याचं पहिलं बालपुस्तक आलं. पुढच्याच वर्षी लग्न झालं. बायकोचं नाव मॅडलेन. १९३६ मध्ये मुलगी झाली, बार्बरा.

१९३८ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर सुट्टीला गेलं. बेमेलमन्स सायकलवरून चालला होता आणि समोरून आली पाववाल्याची गाडी. आख्ख्या बेटावर मोटारगाडी म्हणे तेवढी एकच, आणि हा नेमका तिलाच जाऊन धडकला! हॉस्पिटलात पडून राहावं लागलं. छताला एक वेडीवाकडी भेग होती, कधी कधी ती सशासारखी दिसायची. शेजारच्या खोलीत एक लहान मुलगी होती, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली. ती पलंगावर उभी राहून आपल्या पोटावरचा व्रण मोठ्या अभिमानाने दाखवायची.

झालं! आईने सांगितलेल्या तिच्या कॉन्व्हेंट शाळेच्या आठवणी, स्वतःची ती दोन सरळ रांगांची शाळा, भेग, व्रण, सगळं एकत्र आलं. न्यूयॉर्कला परतल्यावर एका खानावळीत बसून त्याने मेन्यूकार्डाच्या पाठीवर पुस्तकाची सुरुवात लिहून काढली. बायकोचंच नाव नायिकेला दिलं, फक्त यमक जुळावं म्हणून किंचित बदललं.

गंमत म्हणजे ज्या व्हायकिंग प्रकाशनात मॅसीबाई होत्या, तिथे हे पुस्तक नाकारलं गेलं. १९३९ मध्ये ते दुसऱ्या प्रकाशकाने काढलं. बरीच पानं फक्त काळ्या-पिवळ्या रंगांत आणि मधूनच पूर्ण रंगीत पॅरिस. पुढच्या वर्षी कॅल्डेकॉट या मानाच्या पुरस्काराच्या सन्मानयादीत ते होतं. व्हायकिंगनेही पुढे चूक सुधारली. मॅडलाइनचं १९५३ चं पुस्तक त्यांनीच छापलं आणि त्याला १९५४ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

ताईचं काय करायचं?

आता परत आपल्या दुकानात या. ताईचा पहिला आक्षेप असा, की मुलं बघतात तेच करतात. याचं उत्तर पहिल्याच पुस्तकात आहे. मॅडलाइनला उंदरांची भीती नाही, प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला ती खिजगणतीतही धरत नाही. एका रात्री तिच्या पोटात दुखायला लागतं, अपेंडिक्स काढावं लागतं. बाकीच्या मुली फुलं घेऊन भेटायला जातात. तिथे खेळणी, खाऊ, वडिलांनी पाठवलेलं बाहुलीघर आणि वर तो ऐटदार व्रण! त्या रात्री शाळेत सगळ्या पोरी रडायला लागतात. का, तर आमचंही अपेंडिक्स काढा!

म्हणजे मुलं अनुकरण करतात, हे बेमेलमन्सला पक्कं माहीत होतं. त्याने ते लपवलं नाही, त्यावरच गोष्ट संपवली. पाच वर्षांच्या वाचकालाही कळतं, की या रडणाऱ्या पोरी येडपटपणा करताहेत. वाचक त्यांना हसतो तेव्हा आंधळ्या अनुकरणालाच हसत असतो. हा धडा त्याला कोणी दिलेला नाही, त्याचा त्यालाच सापडलाय.

दुसरा आक्षेप कठड्याचा. पहिल्या पुस्तकात मॅडलाइन कठड्यावरून चालते आणि पडत नाही. पण १९५३ च्या पुस्तकात ती खरंच घसरते आणि सेन नदीत पडते. एक कुत्री उडी मारून तिला वाचवते. नशीब चांगलं म्हणून जीव वाचला, हे त्यात स्वच्छ दिसतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. खोडकरपणा आणि दुष्टपणा यातली रेघ मुलांना कळणार कशी? १९५६ च्या पुस्तकात मुलींच्या शेजारी स्पेनच्या राजदूताचा मुलगा राहायला येतो. पेपितो. तोही व्रात्य, पण त्याची मजा मुक्या प्राण्यांच्या जिवावर चालते. एकदा त्याचा खेळ त्याच्याच अंगाशी येतो, तो जबर जखमी होतो आणि त्याची कानउघाडणी कोण करतं? मॅडलाइन. ती स्वतःचा जीव धोक्यात घालते, पण दुसऱ्याला दुखवण्यात तिला मजा वाटत नाही. नियम मोडणाऱ्याच पोरीने ही रेघ दाखवली, म्हणून ती मुलांना पटते. कधीच काही न मोडणाऱ्या शहाण्या बाळाने हेच सांगितलं असतं तर मुलांनी जांभई दिली असती.

पण मला विचाराल तर या पुस्तकांतली खरी महत्त्वाची व्यक्ती वेगळीच आहे. मिस क्लाव्हेल, म्हणजे मुलींच्या बाई. मध्यरात्री त्या झोपेतून उठतात, काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटतं. दिवा लावतात आणि पळत सुटतात. चित्रात त्या इतक्या वेगाने धावतात, की कागदावर तिरक्या होतात. प्रत्येक वेळी त्या येतातच.

आता तो एलिस आयलंडवरचा ख्रिसमस आठवा. रांगेत सगळ्यात पुढे, कोणाचाही हात न धरता चालणारा मुलगा आठवा. लहानगा बेमेलमन्सही रांगेत मावत नव्हता. त्याच्या वाट्याला आधी घर सोडून गेलेला बाप आला, मग चाबूक आणि मग बंदरावरचं एकटेपण. मॅडलाइनला त्याने धिटाई दिली, पण एकटं सोडलं नाही. वडील दूर असले तरी बाहुलीघर पाठवतात. बाई दिवा लावून धावत येतात. जे त्याला मिळालं नव्हतं, तेवढं सगळं त्याने तिच्या आसपास उभं केलं.

म्हणून अशी व्रात्य नायिका लहानांना चालेल का, या प्रश्नाचं माझं उत्तर आहे, हो, खुशाल द्या. मुलांना धोका धिटाईमुळे कमी आणि त्यांच्यामागे धावायला कोणी नसल्यामुळे जास्त असतो. जिच्यामागे कोणीतरी नक्की धावत येणार आहे, तीच पोरगी वाघाला न घाबरायची सवय लावून घेऊ शकते. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. सांभाळून राहा, हळू बोल, रांगेत चाल, हे त्यांना पुस्तकाबाहेर दिवसभर ऐकू येतच असतं.

बेमेलमन्सचं पुढचं आयुष्य बरं गेलं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्लाइल हॉटेलातल्या बारच्या भिंती त्याने रंगवल्या आणि पैशांऐवजी तिथे कुटुंबासह दीड वर्षं राहायची सोय करून घेतली. कधीकाळी हॉटेलात टेबलं पुसणारा पोऱ्या! त्या भिंती अजून आहेत आणि बारला नावही त्याचंच आहे. १ ऑक्टोबर १९६२ रोजी, ६४ व्या वर्षी तो गेला. अमेरिकेच्या सैन्यात काम केल्यामुळे त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा मिळाली.

तर पुस्तक घ्याच. फक्त ते भाचीच्या हातात देऊन स्वतः मोबाइलमध्ये डोकं घालू नका. शेजारी बसून वाचून दाखवा. कठड्याचं पान आलं की थांबा आणि तिलाच विचारा, पुढे काय होईल. आणि दुसऱ्या दिवशी ती सोफ्याच्या पाठीवर चढून चालायला लागली, तर ओरडू नका. उठा, जवळ जा आणि हात पुढे करून उभे राहा. ताईला सांगा, तेवढं काम माझ्याकडे लागलं.