मायकोचा मूळपुरुष

नाशिकमध्ये मायको सर्कल म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. मायकोचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण आमच्या सातपूरकडे माणसं अजून मायकोतूनच रिटायर होतात. माझे बाबाही तिथूनच झाले. नॉझल टेस्टिंगला होते. संध्याकाळी घरी आले की साबणाने दोनदा हात धुतले तरी टेस्ट ऑइलचा वास जात नसे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांच्या हाताला हाच वास येतो.

आपल्या कॉलेजातून मेकॅनिकल करून (एम-थ्रीची के.टी. दुसऱ्या खेपेला निघाली, ज्युनियर मंडळींनी धीर सोडू नये) मी मास्टर्ससाठी स्टुटगार्टला आलो. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी एखाद्या थोर माणसाचं चरित्र लिहून पाठव, असा संपादक मंडळाचा निरोप आला. ज्या गावात राहतो त्याच गावचा आणि ज्याच्या कंपनीच्या पगारावर मी वाढलो तो माणूस सोडून दुसऱ्या कुणावर लिहिणार? रॉबर्ट बॉश. फक्त अडचण अशी, की एका जुन्या गाडीच्या होज पाइपांबद्दल सांगितल्याशिवाय मला त्यांच्याबद्दल लिहिता येत नाही. तेव्हा सहन करा.

मी राहतो त्या घराचे मालक ७८ वर्षांचे आहेत. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणतो, तोंडावर अर्थातच अहो-जाहो. त्यांच्याकडे १९७३ ची पोर्शे ९१४ आहे. दोन लिटरचं इंजिन, दोनच सीट, आणि इंजिन सीटच्या बरोब्बर मागे. फोक्सवॅगनबरोबर मिळून काढलेली म्हणून काही लोक तिला पोर्शे मानायलाच तयार नसतात. आजोबांसमोर हे बोलायचं नाही.

तर झालं असं. मार्चमध्ये थंडी ओसरली, आजोबांनी गाडीवरचं कापड काढलं आणि गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आला. खाली थेंब नाही, कुठे ओल नाही. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच. आजोबांनी काही न बोलता किल्ली परत खिशात टाकली. त्या दिवशी गाडी सुरू झालीच नाही.

वास येत होता होजमधून. या गाडीचे मूळचे होज वरून कापडी विणीचे असतात. बघाल तर ठणठणीत. पण वाकवून पाहिले तर आतलं रबर तडकलेलं आणि बोटाला ओलसर लागतं. ती वीण भेगा झाकून ठेवते, हाच तिचा धोका. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि ते त्या काळच्या रबराला मानवत नाही.

आता यात एवढं काय, असं मलाही वाटलं होतं. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब पाव बारच्या आसपास असतो. होज फुटला तर ठिबकतो. इथे इंजेक्शन आहे, दाब सुमारे दोन बार. पंप पेट्रोल ढकलतो, इंजेक्टर हवं तेवढं घेतात आणि उरलेलं रेग्युलेटरमधून परत टाकीत जातं. या फेरीत कुठेही भेग पडली की बारीक फवारा उडतो, आणि तो तापलेल्या इंजिनावर. चालवणाऱ्याच्या पाठीमागे. वर बॅटरीही त्याच खणात, तिचं ॲसिड ओघळून खालचं सगळं खात असतं. ९१४ जातीच्या कित्येक गाड्या अशाच जळून गेल्या आहेत.

ही इंजेक्शन सिस्टीम बॉशची, डी-जेट्रॉनिक. १९६७ साली ती फोक्सवॅगन १६०० मध्ये पहिल्यांदा आली, अमेरिकेतले धुराचे कायदे पाळायला. तेव्हा रॉबर्ट बॉश यांना जाऊन २५ वर्षं झाली होती.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत अकरावे. वडिलांची शेती आणि खानावळ, घर खाऊनपिऊन सुखी, वडील वाचणारे आणि सरकारला फारसे न जुमानणारे. शाळेत रॉबर्ट यथातथाच. शाळा संपल्यावर त्यांना उल्ममध्ये एका कारागिराकडे बारीक यंत्रकाम शिकायला ठेवलं. तो उस्ताद दुकानात फिरकायचाच नाही, शिकवणं तर दूरच. ही उमेदवारीची वर्षं बॉशना आयुष्यभर डाचत राहिली. पुढे स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ पोरांसाठी त्यांनी वेगळं वर्कशॉप काढलं, ते मला वाटतं त्या उस्तादावरच्या रागातून. आपल्याकडेही काही वर्कशॉप असिस्टंट असे असतात. असो.

मग सात वर्षं भटकंती. जर्मनीत इकडेतिकडे, १८८४ साली अमेरिकेत एडिसनच्या कंपनीत, तिथून इंग्लंडला सीमेन्समध्ये. १५ नोव्हेंबर १८८६ ला स्टुटगार्टच्या रोटेब्यूल रस्त्यावर, ७५ बी नंबरच्या घरामागे त्यांनी आपलं वर्कशॉप उघडलं. एक कारागीर, एक पोऱ्या आणि स्वतः. टेलिफोन जोडा, घंटी बसवा, जे काम येईल ते घ्या. पहिली काही वर्षं इतकी ओढगस्तीची की घरच्यांकडून पैसे आणावे लागले आणि एकदा तर जवळजवळ सगळ्या माणसांना घरी बसवावं लागलं. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवर जायचे. त्या काळी ते चैनीचं वाहन होतं, आणि थोडी जाहिरातही.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाला इंजिनासाठी मॅग्नेटो हवा होता, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र. बॉशनी तो शोधला नाही. आधीचा एक नमुना पाहिला आणि त्याहून बरा करून दिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याला चरित्र म्हटलं की शोध लागतो. या माणसाच्या नावावर मोठा शोध नाहीच. १८९७ साली त्यांच्या माणसांनी तो मॅग्नेटो जोरात फिरणाऱ्या मोटार-ट्रायसिकलच्या इंजिनावर बसवला. १९०२ मध्ये गोटलोब होनोल्ड या त्यांच्या इंजिनियरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला आणि गाड्या धड चालू लागल्या. १९०१ मध्ये पहिला कारखाना बांधला तेव्हा ४५ माणसं होती. १९१२ मध्ये दहा लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. बॉशचं काम एवढंच की, बाहेर जाणारी वस्तू खात्रीची असली पाहिजे. पैसे बुडाले तरी चालतील, पण गिऱ्हाइकाचा भरवसा जाता कामा नये, हे त्यांचं म्हणणं जर्मनीत शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

१९०६ मध्ये त्यांनी आठ तासांचा दिवस सुरू केला. बाकीचे कारखानदार त्यांना तांबडा बॉश म्हणू लागले. दोन पाळ्यांमुळे मशीन जास्त वेळ चालू राहायचं, म्हणजे धंद्याचाही हिशोब होताच. आणि त्याच कारखान्यात १९१३ मध्ये मोठा संप झाला. तो त्यांच्या मनाला फार लागला. जमिनीवर पडलेली साधी पेपरक्लिप दिसली तरी पैसे पडलेत म्हणून ओरडायचे, असंही त्यांच्याबद्दल सांगतात. आणि हो, होमिओपॅथीवर त्यांचा भलताच विश्वास होता. १९४० साली स्टुटगार्टला त्यासाठी हॉस्पिटलच उघडलं. माझ्या आजीशी त्यांचं छान जमलं असतं.

परत गॅरेजात. आजोबांचं काम एका ठरलेल्या क्रमाने चालतं. आधी गाडी जमिनीतल्या खड्ड्यावरून बाजूला घेतली, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठते. दार सताड उघडं. दिवा एलईडीचा, हीटर बंद, पावडरचं एक्स्टिंग्विशर दारापाशी, गाडीत नाही. मग पंपाची वायर काढून आजोबांनी इंजिन सुरू केलं, होतं नव्हतं तेवढं पेट्रोल खाऊन ते आपोआप बंद पडलं. दाब उतरवायचा हा उपाय. वासाची गाडी दोन मिनिटं तरी सुरू करणं मला पटलं नव्हतं, आणि आजोबांनाही नसावं, कारण तेवढा वेळ ते एक्स्टिंग्विशर हातात धरून उभे होते. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि इंजिन पूर्ण गार व्हायला तीन तास थांबलो. एवढं करूनही पहिली क्लिप सोडताना जोडावर फडकं गुंडाळलं, आणि बरं झालं, चमचाभर पेट्रोल फडक्यात आलंच.

होज आणायला मी गेलो होतो. मीटरवर मिळणारा स्वस्तातला घेऊन आलो. आजोबांनी चष्मा लावून त्यावरची छपाई वाचली. आर-७. तो कार्बोरेटरचा. इंजेक्शनला आर-९ लागतो, दुप्पट दाबाचा आणि इथेनॉल सोसणारा. दिसायला दोन्ही काळे आणि सारखेच. क्लिपाही मी नेहमीच्या खाचांच्या आणल्या होत्या. घट्ट आवळल्या की त्या खाचांमधून रबर वर येतं आणि कापलं जातं. इंजेक्शनच्या क्लिपेची पट्टी अखंड आणि कडा वळवलेली असते. मला दुकानात परत पाठवलं.

दुपारी जुने होज काढायचे होते. इंजेक्टरच्या नळीवर होज पन्नास वर्षं चिकटून बसलेला, ओढून निघत नाही. ब्लेडने लांबीत चिरायचा, पण पात धातूला लागू द्यायची नाही, कारण त्या कंगोऱ्यावर ओरखडा पडला की नवा होज तिथे नीट बसत नाही. आजोबांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून हे काम माझ्याकडे. तीन इंजेक्टर छान झाले. चौथ्याला पात धातूवर घसरली. नखाला जेमतेम जाणवेल एवढी रेघ. आजोबा तेव्हा चहा करायला वर गेले होते. मी नवा होज चढवला, क्लिप लावली आणि गप्प बसलो.

रात्री घरी फोन केला. बाबांना ९१४ चं भारी कौतुक. सगळं विचारून घेतलं. बोलता बोलता ते टेस्ट बेंचवरचं सांगू लागले: नॉझलच्या टोकाशी थेंब जमला की नॉझल बाजूला, शिफ्ट संपायला पाच मिनिटं असोत की पाच तास. मी रेघेचं त्यांनाही सांगितलं नाही. झोप लागली नाही म्हणून बॉशचं पुढचं चरित्र वाचत बसलो.

पुढचं सोपं नाही. पहिल्या महायुद्धात लष्करी कामावर मिळालेला नफा त्यांनी ठेवून घेतला नाही, कोट्यवधी मार्क दान केले. तिकडे अमेरिकेतली त्यांची कंपनी मात्र जप्त झाली. १९२१ मध्ये मोठा मुलगा दीर्घ आजाराने गेला. १९२२ मध्ये, साठी उलटल्यावर, डिझेल इंजेक्शनचं काम हाती घ्यायचं ठरलं, आणि १९२७ मध्ये पंप तयार झाला. बाबांच्या हाताचा वास तिथला. मग हिटलर आला. बॉशना तो अजिबात नको होता. कंपनीने हिटलरविरोधी गोर्डेलर यांना सल्लागार म्हणून आसरा दिला, बॉश आणि त्यांचे सहकारी हान्स वाल्त्स यांनी ज्यू लोकांना वाचवायला पैसा पुरवला. आणि त्याच वेळी त्याच कंपनीचे कारखाने लष्करासाठी चालले, युद्धात तिथे हजारो माणसांना सक्तीने राबवलं गेलं. १२ मार्च १९४२ ला बॉश वारले, तर त्याच राजवटीने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला. हे सगळं एका बेरजेत कसं बसवायचं ते मला कळलं नाही, अजूनही कळत नाही. वायवाला कुणी विचारलं तर मी गप्पच बसेन.

रविवारी सकाळी आजोबा किल्ली घेऊन खाली आले. बॅटरी जोडायला वाकले तेव्हा मी सांगून टाकलं. चौथा इंजेक्टर, ब्लेड लागलं, काल.

ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. भिंग आणलं, होज काढायला लावला, नखाने रेघ चाचपली. मग बॅटरी परत सोडली. मी म्हटलं, पंप चालवून बघू या का, कदाचित गळणार नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती गळली असती की नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरा इंजेक्टर मिळायला तीन आठवडे लागले. पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. उलट चौथ्या इंजेक्टरचं काम पुन्हा माझ्याकडूनच करून घेतलं, आणि या वेळी चहाला वर गेले तेव्हा मुद्दामच बराच वेळ लावला असावा. मग इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची. दर वेळी पंप दीडएक सेकंद चालून दाब भरतो. असं पाच वेळा करून प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर टेकवला. सगळे कोरडे. मग इंजिन गरम करून पुन्हा, गार झाल्यावर पुन्हा. पन्नास किलोमीटर झाल्यावर परत क्लिपा तपासायच्या आहेत, तसं त्यांनी गॅरेजच्या कॅलेंडरवर लिहिलं.

पहिल्या फेरीला आजोबांनी गाडी रोटेब्यूल रस्त्यावरून नेली. छप्पर काढून मागच्या डिकीत ठेवलेलं. ७५ नंबरपाशी मी फोटो काढून बाबांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. क्लिपा कुठल्या लावल्या, असं विचारलं होतं.