विश्वेश्वरय्यांची रिटायरमेंट: नोकरी सोडली सत्तेचाळिशीत, मग काय केलं?

आमच्या ऑफिसात सध्या एक एक्सेल शीट फिरतेय. पंचेचाळिशीत रिटायर व्हायचं तर किती पैसे हवेत, त्याचा हिशोब. मी अजून तिशीच्या आत आहे, तरी आकडे टाकून पाहिलेच. पण ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी साधारण याच वयात सरकारी नोकरी सोडली होती.

म्हैसूर संस्थानातला हा मुलगा पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. १९०३ मध्ये खडकवासला धरणावर त्यांनी डिझाइन केलेले स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दरवाजे आपोआप उघडणार, उतरलं की बंद. ना सेन्सर, ना मोटर. लोखंडात लिहिलेलं इफ-एल्सच म्हणा ना!

तरी १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. खात्यातली सर्वात वरची खुर्ची भारतीय माणसाला मिळणार नाही, हे त्यांना दिसत होतं. पेन्शनसाठी लागणारी २५ वर्षं भरली नव्हती, पण सरकारने पूर्ण पेन्शन दिली. मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घर चालायची सोय होती, म्हणून पुढचं काम निवडून घेता आलं. आपल्यातल्या बहुतेकांना तशी पेन्शन नाही, त्यामुळे लगेच राजीनामा टाइप करू नका.

त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबादची धूळधाण केली. विश्वेश्वरय्या परदेशात फिरत होते, निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या पूरनियंत्रण योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. मुंबई इलाख्यात जी खुर्ची मिळणार नव्हती, ती इथे मिळाली! १९१२ मध्ये तर थेट दिवाण. अख्खं संस्थान चालवणं हे धरण बांधण्यापेक्षा फार वेगळं काम, तेही पन्नाशीत शिकले.

१९१८ मध्ये दिवाणपद सोडलं, ही दुसरी रिटायरमेंट. तीही टिकली नाही. १९२३ पासून भद्रावतीचा अडचणीतला लोखंड कारखाना सांभाळला. आणि नव्वदी ओलांडल्यावर गंगेवरच्या पुलाची जागा ठरवायला हा माणूस बिहारमधल्या मोकाम्याला स्वतः जाऊन आला.